त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे

निवृत्त माणसाच्या खात्यात ग्रॅच्युइटी जमा झाल्याचा बँकेचा मेसेज नंतर येतो, माणसं आधी येतात. माझं पासबुक अजून छापूनही मिळालं नव्हतं, तोवर वरच्या मजल्यावरचे सर खाली आले. त्यांनी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग कृष्णेच्या पाण्याची पातळी विचारली आणि मग खिशातून एक चकचकीत पत्रक काढून म्हणाले, "भाऊसाहेब, पैसा असा झोपवून ठेवू नये. पैशाला कामाला लावावं."

ज्याची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली, त्याला कुणालाही कामाला लावायची कल्पनाच सहन होत नाही. मग तो पैसा का असेना.

पण संधी थांबायला तयार नव्हत्या. सर गेले आणि कोरफड आली. कोरफडीच्या मागोमाग चंदन आलं, चंदनानंतर गांडूळ, गांडुळानंतर जपानी लाव्या. घरबसल्या पेन्सिली डब्यात भरून महिना तीस हजार मिळवायची संधी आली. त्यासाठी आधी फक्त ओळखपत्राचे पैसे भरायचे होते. एकाने फोनवरून गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवून द्यायची तयारी दाखवली. मी म्हटलं, "अहो, मी तळमजल्यावर राहतो. गच्ची माझी नाही."

"ते नंतर बघू, काका. आधी प्रोसेसिंग फी."

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आयुष्यभर तुमच्या मागे कुणी लागलं नाही. आता बघा."

सांगायला आनंद वाटतो की ग्रॅच्युइटी अजून शाबूत आहे. यात माझ्या शहाणपणाचा काडीचा संबंध नाही. हे सगळं श्रेय माझ्या खात्याचं. आमच्याकडे कुठलाही कागद टेबलावर आला की तो वाचायच्या आधी त्यात काय कमी आहे ते शोधायची पद्धत होती. काहीच कमी नसेल तर 'चर्चा करावी' असं लिहायचं. चर्चा झाली असेल तर 'पूर्वपीठिका जोडावी'. आणि तीही जोडलेली असेल तर शेवटचं अस्त्र, 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे'. या एका वाक्यावर मी किती पाणीवापर संस्था दमवल्या याची गणती नाही. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "यांच्या टेबलावरून एकही फाईल कधी घाईत गेली नाही." ते कौतुक होतं की शेरा, याची विचारणा करायची राहूनच गेली.

निवृत्तीनंतर सवयी सुटत नाहीत. घरात आलेल्या प्रत्येक संधीची मी पुठ्ठ्याची फाईल करतो, हिरवा टॅग लावतो, आवक क्रमांक टाकतो आणि त्रुटी काढतो.

या पद्धतीचा पहिला लाभार्थी माझा धाकटा मेहुणा. तेव्हा मी नोकरीत होतो. तो एका रविवारी चप्पल न काढताच आत आला.

"दाजी, ईमू!"

"कोण?"

"पक्षी, दाजी! ऑस्ट्रेलियाचा. मांस विकतं, कातडं विकतं, तेल विकतं, पिसं विकतात, नखंसुद्धा विकतात. ईमूचं काहीच वाया जात नाही."

"मग वाया कोण जातं?"

त्याने दुर्लक्ष केलं. योजना सुटसुटीत होती. आपण पैसे भरायचे, कंपनी पिल्लं देणार, खाद्याला महिन्याचे पैसेही देणार. पिल्लं मोठी झाली की त्यांची अंडी आणि पिल्लं कंपनीच परत घेणार. याला बायबॅक म्हणतात.

मी विचारलं, "ती पिल्लं घेऊन कंपनी काय करणार?"

"दुसऱ्या शेतकऱ्याला देणार."

"तो काय करणार?"

"तोही पिल्लं काढणार."

"आणि ती?"

"तिसऱ्याला."

"अरे, पण खाणार कोण?"

मेहुणा गप्प झाला. मग चेहरा उजळून म्हणाला, "ऑस्ट्रेलिया!"

मी कागदावर लिहिलं, 'खाणाऱ्याचा पत्ता नमूद नाही. ऑस्ट्रेलियात ईमूंचा तुटवडा असल्याचा दाखला जोडावा.' मेहुणा चिडून निघून गेला आणि त्याने माझ्या चुलत सासऱ्यांना गाठलं. सासरे दिलदार. त्यांनी उसाच्या कडेला जाळी मारून ईमू पाळले.

ईमू ही काय चीज आहे ते मी तिथे पाहिलं. माणसाएवढ्या उंचीचा पक्षी, उडता येत नाही पण मोटारसायकलला मागे टाकेल असा पळतो, आणि चकाकणारं दिसेल ते गिळतो. सासऱ्यांच्या सदऱ्याची बटणं गेली, पीक पाहणीला आलेल्या तलाठ्याच्या पेनचं टोपण गेलं. अंडं गडद हिरवं आणि अर्ध्या किलोच्या वर. त्याचं ऑम्लेट करायचं म्हटलं तर गल्लीला बोलवावं लागेल आणि बोलवलं तरी कुणी येत नव्हतं. मादी अंडी घालून मोकळी होते आणि नर जवळजवळ उपाशीपोटी आठ आठवडे ती उबवत बसतो. ही माहिती सासऱ्यांनी कौतुकाने सांगितली, तेव्हा आमच्या हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची माहिती विचारली नाही.

2012 साली हा डोलारा कोसळला. तमिळनाडूत इरोड जिल्ह्यातल्या पेरुंदुराईच्या सुसी ईमू फार्म्सचं नाव तेव्हा देशभर झालं. तिथला हिशोब असा होता की दीड लाख भरा, सहा पिल्लं घ्या, वर महिन्याला सहा हजार घ्या. एक दिवस महिन्याचे पैसे थांबले, मालक गायब झाले आणि मागे उरले हजारो भुकेले ईमू. त्यांना खाऊ घालायची वेळ सरकारवर आली. सरकारी योजनेचा लाभ इतक्या विनासायास कुठल्या माणसालाही मिळाला नसेल. आमच्या सासऱ्यांची कंपनी निराळी, पण तीही त्याच हंगामात आटोपली. त्यांनी एका भाचीच्या लग्नात ईमूची जोडी आहेर म्हणून द्यायचा प्रयत्न केला. नवऱ्या मुलाकडच्यांनी 'आहेर आणू नये' ही पत्रिकेतली ओळ दाखवली.

मेहुण्याने यातून धडा घेतला. काही वर्षांनी तो परत आला, तो चप्पल काढून.

"दाजी, या वेळी खाणारे आहेत."

"कोण?"

"कडकनाथ! पिसं काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळी."

"आणि पैसे?"

"पांढरे, दाजी. चेकने."

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची कोंबडी. 2018 साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्या अंगात शंभर रोग बरे करायची ताकद असल्याचं व्हॉट्सअॅपवर जाहीर झालं. या कोंबडीचं सगळं काळं असलं तरी अंडं मात्र फिकट तपकिरी असतं. त्यामुळे बाजारात नेलं की गिऱ्हाईक म्हणतं, "हे तर साधं गावठी." काळं अंडं दाखवा म्हणून अडून बसणारी गिऱ्हाइकं मी स्वतः शनिवारच्या बाजारात पाहिलीत. पण काळजी नव्हती, कारण अंडी बाजारात न्यायचीच नव्हती. कंपनी नेणार होती. पुन्हा बायबॅक.

मी नोंद केली, 'कंपनी पिल्लू विकते त्या दरात नफा किती आणि अंडं विकते त्या दरात किती, याचा तुलनात्मक तक्ता जोडावा.' मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमच्यामुळे मी गरीब राहणार." तो तक्ता आणायला गेला आणि तक्ता मिळेपर्यंत 2019 उजाडलं. आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीचा कडकनाथ घोटाळा बाहेर आला. हजारो शेतकरी अडकले. कंपनी अंडी न्यायला येईना आणि कोंबड्या खायच्या थांबेनात. त्या वर्षी मुख्यमंत्र्यांची यात्रा सांगली जिल्ह्यात आली तेव्हा आंदोलकांनी ताफ्यावर चक्क कडकनाथ कोंबड्या फेकल्या. झाबुआहून निघालेल्या बिचाऱ्या कोंबडीला आपण राजकारणात उतरू असं वाटलंही नसेल.

कोंबडीचा यात काही दोष नव्हता. कडकनाथ अस्सल होता, गिऱ्हाईक नकली होतं. ही गोष्ट प्रत्येक फाईलमध्ये सारखीच निघाली. पक्षी खरा असतो, झाड खरं असतं, मशीन खरं असतं. 1990 च्या दशकात सागवानाच्या योजना आल्या, तेव्हा साग खरा होता. अमेरिकेत बोस्टनला 1920 साली चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने 45 दिवसांत 50 टक्के नफा द्यायचं कबूल केलं, तेव्हा त्याने दाखवलेली पोस्टाची कुपनंही खरीच होती. फक्त धंदा त्या कुपनांचा नव्हता. मागून येणाऱ्याचे पैसे पुढच्याला द्यायचे आणि मधले आपण ठेवायचे, एवढाच धंदा. पाँझीला ईमू मिळाला नाही, नाहीतर त्याला कुपनं लागली नसती.

आता साडूभाऊ. आमच्या साडूंचा स्वभाव माझ्या बरोबर उलटा. मी रिक्षात बसायच्या आधी दोनदा भाडं विचारतो, ते बसल्यावर कुठे जायचं ते ठरवतात. एकदा ते मला मिरजेच्या एका हॉटेलात 'मोफत उद्योजकता सेमिनार'ला घेऊन गेले. मोफत हा शब्द आणि उपम्याचा वास, यांत त्रुटी काढणं मलाही जमलं नाही.

हॉलमध्ये गाणं लावलेलं. स्टेजवर लाल टेबलक्लॉथ, त्यावर एक छोटं मशीन, आणि मागे भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं. प्रत्येक फ्रेमला झेंडूचा हार. भर उन्हाळ्यात कोट घातलेला एक तरुण माइकवर ओरडला, "किती जणांना करोडपती व्हायचंय? हात वर करा!"

सगळे हात वर गेले. माझाही गेला. तो मी वाढप्याला आणखी चटणी आण म्हणून वर केला होता, पण त्याची नोंद करोडपतींमध्ये झाली.

मशीन वातींचं होतं. कापसाचा पेळू एका बाजूने सरकवला की दोन रुळांमधून फिरत तो वळला जायचा आणि दुसऱ्या बाजूने बोटभर लांबीची वात टपकायची. दिसायला फार गोड. कंपनी कापूस देणार, आपण वाती वळायच्या, कंपनी वाती परत नेऊन किलोमागे मजुरी देणार. "देवघर आहे तोवर वात आहे," कोटवाला म्हणाला, "आणि भारतात देवघरं किती? मोजा!" शेजारी बसलेले एक निवृत्त मुख्याध्यापक खरोखर मोजायला लागले.

मी उठलो. सवयच ती. म्हटलं, "गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद बघायला मिळेल का?"

कोटवाला क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काकांनी फार सुंदर प्रश्न विचारला! काकांसाठी जोरदार टाळ्या!"

अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. माझ्या निरोप समारंभातही चहा लवकर आल्यामुळे टाळ्या राहून गेल्या होत्या. त्यामुळे मी भारावून खाली बसलो. बसल्यावर लक्षात आलं, उत्तर मिळालंच नव्हतं.

"आज बुकिंग करणाऱ्यांना वीस टक्के सूट! उद्या नाही!" हे ऐकून साडूभाऊ खुर्चीतून अर्धे उठलेले होते. मी त्यांचा शर्ट धरला.

"साडूभाऊ, सोमवारी बघू."

"सोमवारी सूट नाही, भाऊसाहेब."

"सोमवारी आपण जागे असू."

शर्ट सुटला. अडीच मिनिटांत 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सही झाली. स्टॅम्प पेपर पाहिला की आपल्या माणसाला वाटतं सरकारनेच हमी घेतली. वास्तविक सरकारने फक्त 500 रुपये घेतलेले असतात. हेच साडूभाऊ मे महिन्यात आंब्याची पेटी घेताना खालचा थर वर काढायला लावतात, देठाजवळ हुंगून बघतात, देवगडच्या नावाखाली कर्नाटकचा तर नाही ना म्हणून पेटीतल्या रद्दीची भाषा वाचतात. ती कानडी निघाली तर पेटी परत. मशीनच्या खोक्याकडे मात्र त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, की तेच मशीन बाजारात कितीतरी कमी पैशांत मिळतं आणि कंपनीचा सगळा नफा तिथेच संपलेला आहे. वाती हा त्यांच्या दृष्टीने पुढचा त्रास होता.

पहिला लॉट गेला, मजुरी आली. साडूभाऊंनी चेकचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दुसरा लॉट गेला, तीही आली. मग कोटवाल्याने हळूच सांगितलं, की आणखी तिघांना आणलंत तर कमिशन. साडूभाऊंनी सख्खा भाऊ आणला, विहीण आणली आणि घराला रंग द्यायला आलेला रंगारी आणला. तो रंग अर्धा टाकून वाती वळायला बसला. त्यांच्या घरात कापूस सगळीकडे. मेहुणीच्या केसांत, वरणात, टीव्हीच्या रिमोटमध्ये. बोलता बोलता साडूभाऊंच्या भुवईवरून वात निघायची.

तिसरा लॉट परत आला. कारण, 'वातीची लांबी दोन मिलिमीटर कमी.' साडूभाऊंनी नातवाची फूटपट्टी घेऊन रात्रभर वाती मोजल्या. फोन करून विचारलं, "देवाला दोन मिलिमीटर चालत नाहीत का हो?" पलीकडून उत्तर आलं, "एक्स्पोर्ट क्वालिटी, सर." चौथ्या लॉटला फोन लागेना. आम्ही दोघे ऑफिसवर गेलो. कुलूप होतं. दाराबाहेर अजून एक गृहस्थ ताटकळत होते. साडूभाऊंनी आपुलकीने विचारलं, "तुमची किती मशीनं?" ते म्हणाले, "मशीन नाही हो. आतलं फर्निचर माझं आहे, भाड्याने दिलेलं."

ही हकिगत मी मुंबईच्या भाच्याला सांगितली तेव्हा तो हसला. "मामा, वाती कसल्या वळताय? दादरला हिऱ्यांची स्कीम आहे. दर आठवड्याला व्याज." मी म्हटलं, "वर्षाला असेल." "नाही, आठवड्याला!" म्हणून मी कागद घेऊन बसलो. आठवड्याला 6 टक्के धरले आणि चक्रवाढीने 1 लाख रुपये ठेवले तर वर्षात 20 लाखांच्या वर जातात. दुसऱ्या वर्षाअखेर सव्वाचार कोटी. पाचव्या वर्षी सुमारे 38 हजार कोटी. आमच्या खात्यातसुद्धा एवढा आकडा लिहिताना साहेब इकडेतिकडे बघून घ्यायचे. मी भाच्याला एकच त्रुटी कळवली, 'इतकी रक्कम देण्यासाठी कंपनीला पाचव्या वर्षी मुंबई विकावी लागेल. मुंबई तारण असल्यास सातबारा जोडावा.'

2025 च्या जानेवारीत दादरला त्याच स्कीमच्या, म्हणजे टोरेसच्या दुकानाबाहेर पैसे अडकलेल्यांची जी गर्दी झाली ती सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. जेमतेम वर्षभराचा खेळ. हिऱ्यासारखे दिसणारे ते खडे मॉइसनाइटचे, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेले. रांगेत भाजी विकणारे होते, नोकरदार होते, पेन्शनर होते. भाचा नव्हता. त्याला कळत होतं असं नाही. तो सातबारा कुठे मिळतो हे विचारत फिरत होता.

या मंडळींना विचारलं, "कशावरून विश्वास ठेवलात?" तर एकच उत्तर येतं, "अहो, रजिस्टर्ड होती!" कंपनीची नोंदणी म्हणजे ती जन्माला आल्याचा दाखला. जन्मदाखल्यावर चारित्र्य लिहिलेलं नसतं. उद्यम नोंदणी तर फुकट असते, ऑनलाइन होते आणि आपणच आपल्याबद्दल सांगितलेल्या माहितीवर मिळते. जीएसटी क्रमांक असला म्हणजे माणूस कर भरायला पात्र झाला, पैसे परत करायला नव्हे. पण हेच कागद फ्रेममध्ये घालून झेंडूचा हार घातला की त्यांचा सत्यनारायण होतो.

म्हणून मी आता एक छापील पत्र तयार ठेवलंय. जो संधी घेऊन येईल त्याला चहाबरोबर देतो.

'विषय: आपल्या प्रस्तावातील त्रुटी.
1. माल शेवटी वापरणार कोण? त्याचं नाव, गाव आणि दर लिहावा. "कंपनी" हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.
2. नफा एवढा असेल तर आपण स्वतःच हा धंदा का करत नाही, याचा खुलासा करावा.
3. मशीन, पिल्लू किंवा रोप यांची बाजारातली किंमत दाखवणारी इतर दुकानांची तीन दरपत्रकं जोडावीत.
4. तीन वर्षांचा लेखापरीक्षित ताळेबंद जोडावा. टाळ्या नकोत.
5. लोकांकडून ठेवी घेत असाल तर कुठल्या परवान्याखाली, ते नमूद करावं. आपलं नाव रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर पाहिलं जाईल.
6. तोटा झाल्यास तो कुणाचा?
7. आजच का?'

सातव्या मुद्द्यावर बहुतेक जण चहा अर्धा टाकून उठतात. वरच्या मजल्यावरचे सर म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही फार निगेटिव्ह आहात." मी म्हटलं, "नोंद घेतली."

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? कायदे आहेत की. आहेत ना. बक्षीस योजना आणि पैशाच्या साखळ्यांवर बंदी घालणारा 1978 चा आहे. ठेवीदारांच्या हितासाठी महाराष्ट्राने 1999 मध्ये केलेला एमपीआयडी आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. विनापरवाना ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा आहे. तक्रार जरूर करावी, लवकर करावी, पावत्या आणि करार जपून ठेवावेत. पण जप्ती, मूल्यांकन, लिलाव, दावे, वाटप या वाटेने ती फाईल जाते, तेव्हा ती माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर येते, हे विसरू नका. तोही आधी त्यात काय कमी आहे ते शोधतो. तोही 'पूर्वपीठिका जोडावी' लिहितो. दिरंगाई कुणाला चुकलेली नाही. ती पैसे देण्याआधी करायची की दिल्यानंतर सोसायची, एवढंच आपल्या हातात आहे.

माझी ही ख्याती गल्लीत पसरल्यावर एक दिवस कोपऱ्यावरच्या वहिनी आल्या. कांदा-लसूण चटणी करून विकतात. मिरचीच्या हंगामात जास्त माल भरायला थोडे पैसे हवे होते. मी सवयीने छापील पत्र पुढे केलं. त्या पत्र घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी एक तेलकट, लालभडक डागांची वही घेऊन आल्या. वहीत ब्याडगी आणि संकेश्वरीचे दर होते, डंकावाल्याची कुटणावळ होती, मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांची नावं आणि त्यांतल्या तिघांची उधारी होती. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "भाऊ, वळीव लवकर आला तर मिरची वाळत नाही. मग चटणीला बुरशी धरते आणि सगळं गणित चुकतं. दोन वर्षांपूर्वी चुकलं होतं. तेव्हा काय केलं ते मागच्या पानावर आहे."

एवढे दिवस संधी ऐकल्या, पण तोटा कुणी आपण होऊन सांगितला नव्हता. करोडपती कुणाला व्हायचंय हे वहिनींनी विचारलंच नाही. त्रुटी काढायला मी वही उलटीसुलटी चाळली. मागच्या पानावर एका बेरजेत दोन रुपयांचा फरक सापडला. तो त्यांच्याच तोट्याचा होता.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे अशी एखादी सुवर्णसंधी आली तर नाही म्हणून तिचं मन मोडू नका. आमच्याकडे पाठवा. सांगलीत येऊन पाटबंधारेवाल्या भाऊसाहेबांचं घर विचारा, कुणीही दाखवेल. बसायला खुर्ची देईन, चहा पाजीन, आवक क्रमांक देईन. चटणीवाल्या वहिनी सोडल्या, तर त्रुटींची पूर्तता करून आजवर एकही प्रस्ताव परत आलेला नाही.